ओट्याखालचा कोपरा : एका अंधाऱ्या जागेचा इतिहास

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यावर काय बोलणार, असं विषय वाचून काही जणांना वाटलं असेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॉल्यांचं काम झालेलं आहे किंवा निघणार आहे. ट्रॉलीवाला टेप घेऊन येतो, एल आकाराच्या ओट्याखाली वाकतो आणि कोपऱ्यापाशी थांबतो. ‘इथली जागा डेड जाते’ म्हणतो आणि मोबाइलवर एक फिरती जाळी दाखवतो. ती घ्यायची की नाही, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो. ही जागा मेली केव्हा आणि कशानं, ते आधी बघू. मग तिला जिवंत करायला किती पैसे मोजायचे ते ठरवता येईल.

जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर आठवा. चूल जमिनीवर, बाई पाटावर, विळी पायाखाली. रोजच्या वस्तू बसल्या जागेवरून हात पोचेल तिथवर. भिंती चांगल्या जाड, म्हणून बरंचसं सामान भिंतीच्या पोटातच जायचं: फडताळ, कोनाडा. वर शिंकं. आणि कोपऱ्यात? उतरंड. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. नाहीतर पाण्याचा रांजण. दोन भिंतींचा आधार आणि जाता-येता कोणाचा धक्का नाही, म्हणून कोपरा ही सामान ठेवायला सगळ्यात भक्कम जागा. त्या स्वयंपाकघराचं गुणगान मी करत नाही. चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, आणि उतरंडीच्या तळाचं काही काढायचं तर वरचं सगळं उतरवावं लागे. पण कोपरा उघडा होता, डोळ्यांना दिसत होता. त्याला कोणी वाया गेलेली जागा म्हणत नव्हतं.

कोपऱ्याचा प्रश्न उभा राहिला तो माणूस उभा राहिल्यावर.

त्यासाठी थोडं अमेरिकेत जायला हवं. १८६९ साली कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो (‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी) यांनी घरकामावर एक मोठं पुस्तक लिहिलं. आगबोटीवरचा आचारी इवल्याशा जागेत एवढ्या लोकांचं रांधतो, मग घरातल्या बाईनं मैलभर पायपीट का करायची, असा त्यांचा मुद्दा. पुढे १९१३ मध्ये ख्रिस्तीन फ्रेडरिकचं ‘द न्यू हाउसकीपिंग’ आलं. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजायचं टेलरचं शास्त्र तिनं स्वयंपाकघरात आणलं. बाई कुठून कुठे किती पावलं चालते याचे नकाशेच ती काढत असे.

हे विचार जर्मनीत पोचले आणि १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी ‘फ्रँकफर्ट किचन’चा आराखडा केला. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी सुमारे ३.४ मीटर. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि फ्रँकफर्ट शहर कामगारांसाठी वसाहती बांधत होतं. तिथल्या सुमारे दहा हजार घरांत हे स्वयंपाकघर बसलं. रेल्वेच्या भोजनयानातलं स्वयंपाकघर हा त्यांचा एक नमुना होता. तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे नाव कोरलेले कप्पे, खिडकीपाशी बसून काम करायला फिरतं स्टूल, भिंतीला दुमडणारा इस्त्रीचा पाट. या बाई विलक्षणच. नाझींविरुद्धच्या भूमिगत कामात १९४१ मध्ये पकडल्या गेल्या, महायुद्ध संपेपर्यंत तुरुंगात होत्या आणि २००० साली, एकशे तीन वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस असताना गेल्या. हा आराखडा केला तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगून ठेवलं आहे.

फ्रँकफर्टमधून जगानं उचललं ते हे: सुटी टेबलं-कपाटं जाऊन भिंतीला चिकटलेला सलग ओटा आणि त्याखाली बंद कपाटं. सलग ओटा वळला की कोपरा आला. ओट्याची खोली पुढे साधारण ६० सेंटिमीटर ठरून गेली. आता हिशोब करा. दोन रांगा काटकोनात भेटतात तिथे ६० बाय ६० चा चौक दोन्हीकडून झाकला जातो. उंची ७० सेंटिमीटर धरली तर झाले अडीचशे लिटर. वर मिक्सर ठेवता येतो, खाली हात पोचत नाही. शेजारच्या कपाटाचं दार उघडायचं, गुडघे टेकायचे आणि हात आडवा आत घालायचा. ही जागा आराखड्यानंच मारली.

तिच्यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे ‘लेझी सुझन’, गोल फिरती चकती. ही मुळात जेवणाच्या टेबलावरची. १९१७ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात तिची साडेआठ डॉलरला जाहिरात होती. वाढायला नोकर नसला तरी चालेल, हा तिचा उपयोग. सुझन हे मोलकरणींचं नेहमीचं नाव होतं म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात, पुरावा नाही. पण ‘आळशी’ कोणाला म्हटलंय बघा! पुढे ही चकती टेबलावरून ओट्याखालच्या कोपऱ्यात उतरली. आता भूमिती: चौकोनात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ चौकोनाची ७८.५ टक्के जागा व्यापतं. म्हणजे एवढं करूनही पाचवा हिस्सा रिकामाच राहतो. आणि चकतीवरून मागे पडलेलं झाकण काढणं हे वेगळं प्रकरण.

दुसरा प्रकार म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचे, दारामागोमाग बाहेर झुलत येणारे ट्रे. हे घेताना डावं-उजवं सांगावं लागतं. डाव्या कोपऱ्याचा ट्रे उजव्या कोपऱ्यात बसत नाही, मापं तंतोतंत तीच असली तरी. कांटनं १७८३ च्या ‘प्रोलेगोमेना’त हेच हातमोज्याबद्दल म्हटलं आहे: दोन्ही हातांचं वर्णन शब्दाशब्दानं सारखं करता येईल, पण एकाचा मोजा दुसऱ्याला चढत नाही. तीस वर्षं हे मी वर्गात शिकवलं. ट्रॉलीवाल्याला ते ऑर्डर देताना एका वाक्यात सांगावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. शेगडी, स्टोव्ह आणि मग गॅस, असं करत चूल वर चढली आणि बाई उभी राहिली. त्याच सुमारास सिमेंटच्या इमारती आल्या, भिंती चार नि नऊ इंचांच्या झाल्या. एवढ्याशा भिंतीत फडताळ कसं बसणार? सामान भिंतीतून निघून खोलीत आलं. ते गेलं कडप्प्याच्या ओट्याखाली. त्या ओट्याला मी मधला टप्पा म्हणतो, आणि माझ्या मते तो फार शहाणा टप्पा होता. खाली उभे दगड, मधे एखादी आडवी फळी, दारं नाहीत. कोपऱ्यात गव्हाचं पिंप किंवा तांदळाची कोठी सरकवायची. वाकलं की दिसतं, ओढलं की बाहेर येतं. हा उतरंडीचाच वंशज. त्याला दारं आणि ट्रॉल्या लागल्या तेव्हा कुठे आपला कोपरा मेला. समोरासमोरच्या ट्रॉल्या एकमेकींच्या हँडलला अडतात, म्हणून पाच-सहा सेंटिमीटरची पट्टी मधे सोडावी लागते, ती जागा आणखी गेली.

मग करायचं काय? ओट्याची एक बाजू बैठकीच्या खोलीकडे असेल, तर कोपऱ्याचं दार तिकडूनच काढा. कुठलंही यंत्र लागत नाही. सिंक कोपऱ्याला लागून असेल तर बंद कपाट नको. ओल, अंधार आणि झुरळं एकत्र नांदतात. सिलिंडर तर तिथे मुळीच ढकलू नका. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि रेग्युलेटरपर्यंत हात चटकन पोचायला हवा, हवा खेळायला हवी. फिरती जाळी घ्यायचीच असेल तर एका ट्रेवर किती किलो पेलतं ते विचारा. आपले डाळ-तांदळाचे स्टीलचे डबे भरले की जड असतात. आणि कोपरा बंदच ठेवायचा झाला तर पुरणयंत्र, सोऱ्या, मोठी परात, इडलीपात्र असं सणावारी लागणारं तिथे जावं. रोजच्या कणकेचा डबा नको.

लिलियन गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी १९२० च्या दशकातच सांगितलं होतं की ओट्याची उंची काम करणारीच्या उंचीवरून ठरवावी. कोपऱ्यालाही तेच लावा. आपल्या घरात बहुतेकदा पैसे देणारा पुरुष ट्रॉलीवाल्याशी बोलतो आणि आत हात घालणारी बाजूला उभी असते. घरात साठीची आई असेल, गुडघे दुखत असतील, तर टेप लावण्याआधी तिला विचारा, ‘आई, इथे वाकून बघतेस का?’ ती नाही म्हणाली, तर त्या कोपऱ्यापुढे सरळ फळी ठोकून टाका. अडीचशे लिटर गेले तर गेले.

आता प्रश्न असतील तर घेऊ.