चावडीवरचा रेडिओ

१९४० साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्या निवडणुकीचा अभ्यास करण्यासाठी पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात गेले. वृत्तपत्रे व नभोवाणी मतदारांचे मन थेट वळवितात, असा तेव्हा समज होता. मे ते नोव्हेंबर त्याच मतदारांना पुनःपुन्हा भेटल्यावर निराळेच दिसले. माणसे मत बनवीत ती शेजारी, आप्त आणि सहकारी यांच्या शब्दावरून. शब्द देणारे मात्र वृत्तपत्र व रेडिओकडे अधिक लक्ष देत. १९४४च्या ग्रंथात या 'मतनेत्यां'ची मांडणी झाली. ते समाजाच्या सर्व थरांत होते; केवळ धनिक वा विद्वान नव्हेत.

हा विचार आपल्या मातीत रुजला तो १९५६ साली. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे उभारली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम झाले. वीसएक गावकरी एकत्र बसून ऐकत, मग वाद घालीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. आम्हांस या प्रयोगाचे मर्म या परतीच्या वाटेत दिसते. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते केले पॉल नॉयरात यांनी. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा व्हिएन्नाचा समाजशास्त्रज्ञ दाखाऊ व बुखेनवाल्डच्या छळछावण्या भोगून आला होता. प्रचार माणसांचे काय करतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. श्रोतृमंडळाच्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडे.

म्हणजे यंत्राला माणूस लागतो. पण कोणता? चावडीवर शंका विचारणारा शेजारी समोर असे. भ्रमणध्वनीवर संदेश पुढे ढकलणाराही शेजारीच असतो. म्हणूनच त्यावर विश्वास बसतो, आणि शंका विचारायला मात्र मंडळ भरत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. व्हॉट्सॲपवर तशा अफवा तेव्हा सर्वत्र फिरत होत्या. ही मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली.