जपानी रग्बीची सव्वाशे वर्षे

इतिहासाच्या व्यासपीठावर खेळाचा विषय निघाला की काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या हा इतिहास, आणि चेंडूमागे धावणारी मंडळी ही करमणूक, अशी एक वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. एखादे राष्ट्र परक्यांची वस्तू कशी उचलते, ती आपलीशी कशी करते आणि ती करताना स्वतः किती बदलते, हे पाहायचे असेल तर खेळाच्या मैदानासारखी दुसरी जागा नाही. म्हणून आज आपण जपानातील रग्बीची कहाणी ऐकू.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडे तो फारसा कोणी पाहिलेला नसतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी, आणि चेंडू नारळासारखा लंबगोल. तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. यालाच 'ट्राय' म्हणतात. अडवणाऱ्याने पळणाऱ्याला मिठी मारून खाली पाडायचे. या खेळातील सर्वांत विलक्षण नियम असा की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्याला द्यायचा तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे, पण मागून येणाऱ्यावर भरवसा ठेवून. काही चुकांनंतर दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करतात. तिला 'स्क्रम' म्हणतात. उघडच आहे की हा खेळ धिप्पाड देहाचा. जपानी माणूस त्या मानाने ठेंगणा. मग हे लोक या वाटेला गेलेच कसे?

इंग्रज जेथे गेला तेथे आपले खेळ घेऊन गेला. कलकत्त्यात त्याने १८७३ साली रग्बीचा क्लब काढला. पुढे तो चालेना, तेव्हा १८७८ मध्ये शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला आणि विलायतेस पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्याचे पारितोषिक म्हणून 'कलकत्ता करंडक' आजही झुंजवला जातो. करंडक गेला आणि त्याबरोबर तेथील खेळाचा तो अध्यायही संपला, कारण तो क्लब साहेबांचा, साहेबांसाठी होता. जपानातही आरंभ असाच झाला. योकोहामा बंदरातील परदेशी रहिवाशांनी १८६६ मध्ये आपला फुटबॉल क्लब स्थापन केला. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे जपानी लोक कुंपणाबाहेरचेच राहिले.

कुंपण ओलांडले गेले ते १८९९ साली, आणि तेही विद्यालयाच्या दारातून. एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क हा योकोहामात जन्मलेला आणि केंब्रिजला शिकलेला शिक्षक तोकिओच्या केइओ विद्यालयात इंग्रजी शिकवीत असे. थंडीच्या दिवसांत आपले विद्यार्थी दुपारी नुसते रेंगाळतात, हे त्याला खटके. त्याने केंब्रिजचाच आपला मित्र तानाका गिन्नोसुके यास सोबत घेतले आणि मुलांच्या हाती लंबगोल चेंडू दिला. तानाकाचे साहाय्य येथे मोलाचे, कारण खेळाचे मर्म मुलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा कोणी हवाच होता. आमच्या मते सगळ्या कहाणीची किल्ली येथे आहे. क्लबातला खेळ क्लब मोडला की मोडतो. शाळेत शिरलेला खेळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो.

तो तसाच गेला. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाने १९११ मध्ये आणि तोकिओच्या वासेदाने १९१८ मध्ये आपापले संघ उभे केले. केइओ आणि वासेदा यांचा पहिला सामना १९२२ साली झाला आणि तो पुढे वार्षिक उत्सवासारखा होऊन बसला. १९२६ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सम्राटाचे धाकटे बंधू राजपुत्र चिचिबू यांचा या खेळावर लोभ होता. तोकिओतील रग्बीचे मैदान आजही त्यांचे नाव धारण करते. १९३० मध्ये कायामा शिगेरू यांच्या मार्गदर्शनाखाली जपानचा संघ समुद्र ओलांडून कॅनडात गेला आणि ब्रिटिश कोलंबियाशी ३–३ अशी बरोबरी करून आला. दोन वर्षांनी कॅनडाचा संघ जपानात आला, तेव्हा यजमानांनी दोन्ही सामने जिंकले. रग्बी जपानात रुजल्यास तेव्हा जेमतेम तेहेतीस वर्षे झाली होती.

मग युद्ध आले. शत्रूच्या भाषेतील शब्दही नकोत, असा तो काळ. 'रग्बी' हे नाव टाकून 'तोक्यू', म्हणजे झुंजीचा चेंडू, असे नाव देण्यात आले. १९४३ पासून विद्यार्थ्यांनाच सैन्यात भरती करू लागल्यावर मैदाने ओस पडली. केवळ नाव स्वदेशी केल्याने वस्तू स्वदेशी होत नाही, हा धडा त्यात होता. शिवाय ती वस्तू तोवर निराळ्या अर्थाने स्वदेशी झालीच होती. म्हणूनच बेचिराख झालेल्या तोकिओत १९४७ साली, घरांचीच ददात असताना, रग्बीचे नवे मैदान उभे राहिले.

युद्धोत्तर काळात या खेळाला दुसरे घर मिळाले ते कारखान्यांचे. पोलादाचे, मोटारींचे, यंत्रांचे मोठमोठे कारखाने आपापले संघ बाळगू लागले. खेळाडू हा कंपनीचा नोकर. काम आटोपले की सराव, आणि खेळ सुटला तरी नोकरी कायम. ईशान्य किनाऱ्यावरील कामाइशी हे लहानसे पोलादनगर. तेथील कारखान्याच्या संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद राखले. पुढे कोबे येथील पोलाद कारखान्याच्या संघानेही सलग सात विजेतेपदे मिळविली. त्यांतील सातवे १५ जानेवारी १९९५ रोजी हाती आले, आणि दोनच दिवसांनी कोबे शहर भूकंपाने हादरले. विद्यालय आणि कारखाना या दोन खांबांवर जपानी रग्बीचे छप्पर उभे होते.

परंतु ठेंगण्या देहाचा प्रश्न उरतोच. त्याला पहिले विचारपूर्वक उत्तर दिले ते ओनिशी तेत्सुनोसुके यांनी. वासेदाचे हे प्राध्यापक १९६०च्या दशकात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांचे सूत्र तीन शब्दांचे: विस्तार, सान्निध्य आणि सातत्य. चेंडू झपाट्याने मैदानभर पसरवायचा, प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ जाऊन त्याची मिठी पडण्यापूर्वी तो सोबत्याला द्यायचा, आणि हे अखंड करीत राहायचे. उंची मिळवता येत नाही, पण वेग आणि दम मिळवता येतो, हा त्यामागचा हिशेब. १९६८ च्या जूनमध्ये वेलिंग्टन येथे जपानने न्यूझीलंडच्या कनिष्ठ संघास २३–१९ असे हरविले. साकाता योशिहिरो या खेळाडूने त्या दिवशी चार ट्राय केले. १९७१ मध्ये इंग्लंडचा संघ तोकिओस आला आणि ६–३ असा कसाबसा सुटला. १९८३ साली खुद्द कार्डिफमध्ये वेल्सला जपानने २९–२४ पर्यंत आणले. १९८९ मध्ये तोकिओत स्कॉटलंडचा संघ २८–२४ असा हरला; त्या वेळी हिराओ सेइजी कर्णधार होते. १९९१ च्या विश्वचषकात झिंबाब्वेवर ५२–८ असा विजय मिळाला. आता वाट चढणीची राहिली नाही, असे कोणासही वाटले असते.

आणि ४ जून १९९५ हा दिवस उजाडला. दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे विश्वचषकाच्या सामन्यात न्यूझीलंडने जपानला १४५–१७ असे लोळविले. ऐंशी मिनिटांत एकवीस ट्राय! पराभव कोणाच्या वाट्यास येत नाही? परंतु असा पराभव प्रश्न विचारतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रग्बीत उघडपणे पैसे घेऊन खेळण्यास मुभा मिळाली आणि जगातील प्रमुख संघ पूर्णवेळ खेळाडूंचे झाले. जपान मात्र आपल्या कारखान्यांच्या आणि विद्यापीठांच्या घरगुती स्पर्धांत समाधानी होता. जी व्यवस्था एके काळी खेळाला जगविणारी ठरली, तीच आता त्याला कोंडून ठेवू लागली. वासेदा-मेइजी सामन्यास गर्दी लोटे. जगाशी गाठ पडली की दाणादाण उडे. १९९१ नंतर विश्वचषकातील पुढचा विजय मिळण्यास चोवीस वर्षे लागली. मधल्या काळात काय मिळाले? २००७ आणि २०११ मध्ये कॅनडाशी दोन बरोबऱ्या.

या चोवीस वर्षांत जपान स्वस्थ मात्र बसला नाही. २००३ पासून कारखान्यांच्या संघांची देशव्यापी लीग सुरू झाली. परदेशांतील नामांकित खेळाडू आणि प्रशिक्षक तीत येऊ लागले. २०१२ मध्ये एडी जोन्स या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाकडे राष्ट्रीय संघ सोपविण्यात आला. त्यांची आई जपानी वंशाची. त्यांनी पहाटेपासून सराव घेऊन खेळाडूंना पिळून काढले. स्क्रमसाठी एक फ्रेंच आणि उंच झेलांसाठी एक इंग्रज साहाय्यक आणला. सूत्र मात्र ओनिशींच्याच जातीचे: वेग, दम आणि सातत्य. २०१३ साली वेल्सचा २३–८ असा पराभव झाला, तेव्हा जाणत्यांचे कान टवकारले.

१९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे जपानची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. दोनदा जगज्जेता ठरलेला हा संघ. शेवटच्या क्षणी धावफलक ३२–२९ होता आणि जपानला दंडाची लाथ मिळाली. चेंडू खांबांमधून मारला की तीन गुण आणि सन्मानाची बरोबरी. ती पदरात पाडून घेतली असती तरी जगाने पाठ थोपटली असती. कर्णधार मायकेल लीच याने ती नाकारून स्क्रम मागितला. थोड्याच वेळात चेंडू हातोहात डाव्या कडेस पोहोचला, कार्न हेस्केथने तो रेषेपार टेकविला, आणि जपान ३४–३२ असा विजयी झाला. त्या सामन्यात गोरोमारू आयुमू याने एकट्याने चोवीस गुण केले. चारच दिवसांनी स्कॉटलंडने जपानला ४५–१० असे धुतले, हेही सांगितले पाहिजे. तीन सामने जिंकूनही जपान पुढल्या फेरीस मुकला.

ही उणीव भरून निघाली २०१९ मध्ये. आशियात प्रथमच भरलेला विश्वचषक जपानातच झाला. यजमानांनी रशिया, आयर्लंड आणि सामोआ यांना हरविले. मग एक भयंकर वादळ देशावरून गेले, काही सामने रद्द झाले. तरी १३ ऑक्टोबर रोजी योकोहामात मैदान तयार ठेवण्यात आले आणि जपानने स्कॉटलंडवर २८–२१ असा विजय मिळवून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे दक्षिण आफ्रिकेने त्यांना २६–३ असे रोखले आणि पुढे तोच संघ जगज्जेता झाला. १८६६ मध्ये ज्या बंदरात परक्यांनी कुंपण घालून खेळ मांडला, त्याच शहरात ही मजल गाठली जावी, हा योग पाहण्यासारखा आहे.

येथे एक शंका निघते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ च्या संघातील एकतीस खेळाडूंपैकी जवळजवळ निम्मे परदेशांत जन्मलेले होते. मग हा विजय जपानचा कसा? रग्बीचा नियम असा की नागरिकत्वाखेरीज ठराविक वर्षांच्या वास्तव्यानेही खेळाडूस देशाचा संघ खुला होतो. नियमाने प्रश्न सुटतो, पण मनाने? लीच हा न्यूझीलंडमध्ये जन्मला. पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या शाळेत शिकावयास आला आणि जपानी नागरिक झाला. त्याआधीची गोष्ट आणखी गंमतीची. १९८० साली टोंगा बेटांतून दोन तरुण दाइतो बुन्का विद्यापीठात आले ते जपानी पद्धतीची मणिचौकट, म्हणजे हिशेबाची तारेवरची गणिते, शिकावयास. ते रग्बी खेळू लागले, राष्ट्रीय संघातही गेले, आणि त्यांच्यामागून टोंगाची कितीतरी मुले जपानी शाळांत आली. येथेही दार शाळेचेच होते! आमचे मत असे: ज्या देशाने खेळच परक्याकडून घेतला आणि तो आपला केला, त्याने खेळणाऱ्यांनाही आपले केले, यात विसंगती नाही. मात्र हा उदारपणा मैदानाच्या कुंपणाबाहेर किती पोहोचतो, ही जपानी समाजाची पुढची कसोटी आहे, आणि तिचा निकाल धावफलकावर लागणारा नाही.

२०२३ च्या विश्वचषकात जपानने चिली आणि सामोआ यांना हरविले, इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्याकडून हार खाल्ली, आणि उपांत्यपूर्व फेरी हुकली. त्याच वर्षी जागतिक संस्थेने त्यास अग्रगण्य देशांच्या पंक्तीत स्थान दिले. म्हणजे पंक्तीत पान मिळाले; ते राखणे अजून व्हावयाचे आहे.

शेवटी कामाइशीकडे पुन्हा वळू. ११ मार्च २०११ च्या समुद्रलाटेने ते पोलादनगर उद्ध्वस्त केले. उनोसुमाई भागातील शाळा बुडाल्या. परंतु तेथील मोठी मुले लहानांचे हात धरून टेकडीकडे धावली आणि वाचली. त्याच शाळांच्या जागेवर गावाने रग्बीचे मैदान बांधले. २५ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे फिजी आणि उरुग्वे यांचा विश्वचषकाचा सामना झाला आणि उरुग्वेने तो ३०–२७ असा जिंकला. जपान त्या दिवशी मैदानात नव्हता, तरी गाव लोटले होते. सामना संपला की जपानी लोक 'नो-साइड' म्हणतात. हा जुना इंग्रजी शब्द इंग्रज केव्हाच विसरला. आता बाजू उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ जपानी माणसाने लावला आणि मुलांना शिकविला. परक्याकडून घेतलेली वस्तू मूळ मालकापेक्षा अधिक जिव्हाळ्याने जपली जाऊ शकते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.