राजीनामा म्हणजे भांडण नव्हे: तंजावरचे दप्तर आणि लॉरीचालकाची नोंद

तंजावरच्या मराठ्यांच्या या मालिकेत आजवर आपण लढाया, तह आणि ग्रंथ यांच्यावर बोललो. आजचा विषय साधा आहे: नोकरी सोडणे. त्यातही लॉरीच्या चालकाने नोकरी सोडणे. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, याचा इतिहासाशी संबंध काय? संबंध आपल्याच भाषेतल्या दोन शब्दांत आहे.

पहिला शब्द 'राजीनामा'. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा रयत राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. दोन्ही कागद जमले की व्यवहार पुरा. यात राग कुठेच नाही. दुसरा शब्द 'फारखत'. देणेघेणे फिटले, आता कोणाचा कोणावर दावा नाही, असे लिहून देणे म्हणजे फारखत. आज आपण 'फारकत' म्हणतो ती नवरा-बायकोची. मूळ शब्द हिशेबाचा आहे.

आता तंजावरकडे या. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी येथे राज्य बसवले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. दरबारचा बराच कारभार मोडीत चाले. ते गठ्ठे सरस्वती महालात आले आणि तमिळ विद्यापीठाने त्यातल्या कागदांची तमिळ भाषांतरे छापली. पगार, खर्च, छत्रांचे हिशेब यांतून आपल्याला राजांइतकीच त्यांच्या चाकरांचीही माहिती मिळते. ज्याची नोंद झाली, तो उरला.

कागद काय करतो ते खुद्द राजघराण्याने अनुभवले. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीकडे सोपवला. तह दबावाखालचा होता, पण अटी लिहिलेल्या होत्या: वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, तेव्हा कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला तिच्यात हात घालता येत नाही. खासगी मालमत्ता पुढे १८६२ मध्ये परत मिळाली, पण सरकारची मर्जी म्हणून.

लष्करात आम्ही हेच वेगळ्या तऱ्हेने शिकलो. चालक बदलला की गाडी तशीच दुसऱ्याच्या हाती जात नाही. किलोमीटरचा आकडा, टाकीतले इंधन, स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी, सगळे मोजून सही होते. जवान निवृत्त होतो तेव्हा डिस्चार्ज बुकात सेवेची वर्षे, सोडण्याचे कारण आणि वर्तणूक लिहिली जाते. तो कागद पुढे आयुष्यभर त्याच्यासाठी बोलतो.

बाहेर आल्यावर मात्र निराळे चित्र दिसले. आमच्या गल्लीतला एक लॉरीचालक, घरात आपली तंजावरी मराठी बोलणारा. एका मालकाकडे सहा वर्षे आणि दुसऱ्याकडे पाच वर्षे राबला. दोन्हीकडे पीएफ कापला जात होता. पहिली नोकरी सोडताना त्याने सगळी रक्कम काढून घेतली. दुसरी सोडताना भात्यावरून वाद झाला, तेव्हा भाताची पोती भरलेली लॉरी रस्त्यात उभी करून तो बसने घरी आला. हजेरीपटावर तो 'गैरहजर' राहिला आणि सोडल्याची तारीख कोणी भरलीच नाही. पेन्शनचा विचार करायची वेळ आली तेव्हा अकराऐवजी पाचच वर्षे धरली गेली. निवृत्तिवेतनाला दहा लागतात. त्याचा राग खरा होता, भात्याची मागणीही रास्त होती. पण कागद त्या रागाबद्दल काही बोलत नाही, तो फक्त 'गैरहजर' म्हणतो.

असे का होते? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पगारी रजा दिली, पण पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांनंतर राजीनामा देणाऱ्यालाही हक्क दिला, पण दहा माणसांच्या आस्थापनेत. पीएफला वीस माणसे लागत. दोन-चार गाड्यांच्या मालकाचा चालक तिन्हींच्या बाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र आहे, आणि राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत थकीत वेतन द्यायचे आहे. हक्क आला, पण तो मागायला तारीख लागते.

अमेरिकेत तर चालकाला नेमताना आधीच्या तीन वर्षांतल्या मालकांकडे त्याच्या सुरक्षिततेची चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे. भरलेला ट्रक वाटेत सोडून गेलेल्याला तिथे पुढची नोकरी अवघड जाते. मात्र त्या चालकाला आपली नोंद पाहण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि आपले म्हणणे जोडण्याचा हक्कही आहे. आपल्याकडे अशी देशव्यापी पद्धत नाही. इथे ट्रान्सपोर्टच्या नाक्यावर तोंडी बोलणे चालते, आणि तोंडी बोलण्याला उत्तर जोडता येत नाही.

म्हणून चालक बांधवांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगतो. कितीही भांडण झाले तरी माल पोचवा आणि गाडी अड्ड्यावर आणा. राजीनामा लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, पण जपून ठेवा. गाडी देताना चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटर आणि डिझेलचा आकडा लिहून घ्या. मूळ लायसन्स मालकाकडे असेल तर आधी ते परत घ्या. अनुभवाचा दाखला मागा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा, म्हणजे वर्षे जोडली जातात. मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते. ही सोय २०२० पासून आहे.

मालकांनाही एक शब्द. चालकाचा हिशेब अडवून ठेवला की पुढचा चालकही तोंड चुकवूनच पळतो. फारखत दोघांना मोकळे करते.

तुमच्या ओळखीत कोणी स्टिअरिंगवर असेल तर त्याला हा भाग जरूर ऐकवा. पुढच्या भागात तंजावरच्या छत्रांचा हिशेब पाहू. जय हिंद!