डांग्या खोकल्याची रक्तरस-परीक्षा

डांग्या खोकल्याची रक्तरस-परीक्षा : डांग्या खोकला ह्या श्वसनमार्गाच्या संसर्गजन्य रोगाचे निदान करण्यासाठी रुग्णाच्या रक्तरसातील प्रतिपिंडांचे (जंतू वा त्यांची विषे ह्यांविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या विशिष्ट प्रथिनांचे) प्रमाण मोजण्याची पद्धती. हा रोग बोर्डेटेला पर्ट्युसिस ह्या सूक्ष्मजंतूंमुळे होतो. त्यास माकडखोकला असेही म्हणतात. ज्या वयात हा रोग सर्वाधिक घातक ठरतो त्या वयात, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, ही परीक्षा सर्वांत कमी उपयोगी पडते. ह्या मर्यादेची जाणीव शास्त्रज्ञांना क्रमाक्रमाने होत गेली. परभणीसारख्या ग्रामीण वस्तीच्या जिल्ह्यात ह्या रोगाचे निदान व प्रतिबंध ह्यांचा विचार करताना ती विशेष महत्त्वाची ठरते.

पॅरिसमध्ये १५७८ साली आलेल्या साथीचे गीयोम द बाययू ह्यांनी केलेले वर्णन हे ह्या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन मानले जाते. त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ खोकल्याची उबळ व तिच्या शेवटी श्वास आत घेताना होणारा विशिष्ट आवाज ह्यांवरूनच निदान होत असे. झ्यूल बोर्दे व ऑक्ताव्ह झांगू ह्यांनी ब्रुसेल्स येथे १९०६ मध्ये बटाटा, ग्लिसरीन व रक्त ह्यांपासून बनविलेल्या माध्यमावर ह्या सूक्ष्मजंतूंची वाढ केली. बऱ्या होत असलेल्या मुलांच्या रक्तरसाची ह्या सूक्ष्मजंतूंवर विशिष्ट विक्रिया होते, हे त्यांनी पूरक-बंधन पद्धतीने दाखविले. म्हणजे रक्तरस-परीक्षेचा पहिला उपयोग रुग्णाच्या निदानासाठी नव्हे, तर हाच सूक्ष्मजंतू रोगाचे कारण आहे हे सिद्ध करण्यासाठी झाला. बोर्दे ह्यांना १९१९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे समूहन-परीक्षा (रक्तरसामुळे सूक्ष्मजंतूंच्या गुठळ्या होतात की नाही हे पाहणारी परीक्षा) प्रचारात आली. तथापि प्रतिपिंडे तयार होण्यास दोन ते तीन आठवडे लागत असल्याने रोगाच्या आरंभी ती निरुपयोगी ठरे. प्रतिपिंडांची वाढ सिद्ध करण्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावे लागे व तोवर मूल बरे होत असे किंवा दगावत असे. अमेरिकेत पर्ल केंड्रिक व ग्रेस एल्डरिंग ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात परिणामकारक लस सिद्ध केली. लसीचा प्रसार झाल्यावर नवी अडचण उद्भवली. रक्तात आढळलेली प्रतिपिंडे रोगामुळे आली की लसीमुळे, हे सांगणे कठीण झाले.

स्वीडन व नेदर्लंड्स येथे १९७१ मध्ये स्वतंत्रपणे विकसित झालेल्या एलिसा पद्धतीने (विकराच्या साहाय्याने रंग निर्माण करून प्रतिपिंडे मोजण्याच्या पद्धतीने) मापन अचूक झाले. ह्या सूक्ष्मजंतूंचे पर्ट्युसिस विष त्यांच्या जवळच्या जातींचे सूक्ष्मजंतू निर्माण करीत नसल्याने त्याविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे ही निदानाची विश्वसनीय खूण ठरली. त्यांचे प्रमाण फार मोठे असल्यास एकाच नमुन्यावरून निदान करता येते, असे पुढे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ह्या प्रतिपिंडांसाठी आंतरराष्ट्रीय मानक रक्तरस निश्चित केल्यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना शक्य झाली.

अर्भकांच्या बाबतीत मात्र हे यश अपुरे पडते. गर्भावस्थेत मातेकडून आलेली प्रतिपिंडे अर्भकाच्या रक्तात काही महिने राहतात, त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असते आणि सहाव्या आठवड्यापासून त्यास लस मिळू लागते. लस घेतल्यापासून सुमारे वर्षभर ह्या परीक्षेचा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. शिवाय तान्ह्या मुलात विशिष्ट आवाज नसतो. श्वास थांबणे वा अंग निळे पडणे एवढेच लक्षण दिसू शकते. म्हणून त्याच्या नाक-घशातील स्रावाचे संवर्धन किंवा पीसीआर परीक्षा (सूक्ष्मजंतूंच्या डीएनएचा शोध) करावी लागते. मोठी मुले व प्रौढ ह्यांचा खोकला दोन आठवड्यांहून जुना असल्यास रक्तरस-परीक्षा उपयुक्त असते. ह्याच व्यक्तींकडून घरातील अर्भकास संसर्ग होत असल्याने तिचे अप्रत्यक्ष महत्त्व कमी नाही.

परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके आहेत. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर जिल्ह्याची सध्याची रचना झाली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८,३६,०८६ होती. गावपातळीवर उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र हीच वैद्यकीय सेवेची पहिली पायरी असून एलिसा वा पीसीआर तेथे होत नाही. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठविणे व निष्कर्षाची वाट पाहणे ह्यांत वेळ जातो. ॲझिथ्रोमायसिनासारखी प्रतिजैविके तर आरंभीच अधिक गुणकारी असतात. त्यामुळे उपचाराचा निर्णय लक्षणांवरूनच घ्यावा लागतो. रक्तातील लसीका कोशिकांची असाधारण वाढ ही साध्या रक्त-तपासणीत दिसणारी खूण त्यास पुष्टी देते.

भारतात १९७८ च्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात व १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात त्रिगुणी लस दिली जाऊ लागली. २०११ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या पंचगुणी लसीत तिचे घटक समाविष्ट आहेत. ह्या लसीच्या मात्रा ६, १० व १४ व्या आठवड्यांत, तर त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या व ५ ते ६ वर्षांच्या वयात देतात. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांच्या मुलांची एखादी मात्रा हुकण्याचा संभव असतो. पहिल्या सहा आठवड्यांत तर अर्भकास लसीचे संरक्षण नसतेच. ब्रिटनने २०१२ पासून गर्भवतींना लस देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गर्भवतींना धनुर्वात व घटसर्प ह्यांची लस दिली जाते. तीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो. ज्या प्रतिपिंडांमुळे अर्भकाचे निदान गोंधळात पडते, तीच मातेकडून पुरेशा प्रमाणात मिळाल्यास त्याचे रक्षण करू शकतात.