बडतर्फी : चौकशी आणि सकारण निर्णय (सोलापूर)

बडतर्फी म्हणजे गैरवर्तनाचा ठपका ठेवून मालकाने कामगाराला नोकरीतून काढून टाकणे. सोलापुरातील असे वाद प्रथम कामगार न्यायालयात चालतात. अनुचित प्रथेच्या तक्रारीवरील निकालाचे पुनरीक्षण औद्योगिक न्यायालयात होते. त्यापुढील रिट याचिका ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचसमोर जातात.

कायदा : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता; त्याबरोबरच महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा आहे. कामगारांच्या बोलण्यात तो ‘युएलपी’. तक्रारीची मुदत ९० दिवस. नैसर्गिक न्याय पूर्णपणे डावलून किंवा नको इतक्या घाईने चौकशी उरकणे, तसेच किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देणे, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित प्रथा ठरतात.

गिरण्या : सोलापुरातील ‘जुनी गिरणी’ (१८७७) व नंतरच्या कापडगिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ लागू होता.

चौकशी : आरोपपत्र, खुलासा, साक्षी, उलटतपासणी, अहवाल असा तिचा क्रम. आदर्श स्थायी आदेशांनुसार कामकाजाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा राज्यभाषा यांतून कामगाराने निवडायची असते. सोलापूरच्या पूर्वभागातील तेलुगूभाषक विणकराला त्यात स्वतःची भाषा मिळत नाही, आणि ही उणीव लहान नाही. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर कामगाराची सही घेतात. जाणता बचाव प्रतिनिधी सहीच्या वर ‘हरकत ठेवून’ असे लिहायला लावतो. हे दोन शब्द पुढे कोर्टात फार उपयोगी पडतात. मालकाच्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी बसलेले असताना कामगाराला वकील नाकारणे अन्यायाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९८२ मध्ये ठरवले.

कारणे : या विषयाचा गाभा हाच. अनिल कुमार प्रकरणात (१९८५) चौकशी अधिकाऱ्याने साक्षी उतरवून थेट ‘आरोप सिद्ध’ असा शेरा मारला होता. कारणांशिवायचा अहवाल हा अहवालच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला, कोणती नाकारली आणि का, हे लिहिलेले नसेल तर कामगाराने अपिलात भांडायचे कशाशी? अहवालाची प्रत शिक्षेआधी हाती पडली पाहिजे, हे १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्के केले. कामगार न्यायालय बहुधा आधी दोनच मुद्दे घेते : चौकशी न्याय्य होती का, आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायालयात पुरावा देण्याची संधी मागता येते. त्यामुळे पहिला निकाल जिंकलेला कामगार लगेच कामावर जातोच असे नाही. शिक्षा अवाजवी वाटल्यास ती बदलण्याचा अधिकार औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ११-अ (१९७१) ने दिला.

यंत्रमाग आणि विडी : टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत वाद पुष्कळदा चौकशीपर्यंत पोचतच नाही. आरोपपत्र नाही, हजेरीपत्रक नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढाच आदेश. मालकाने ‘हा आमचा कामगारच नाही’ असा पवित्रा घेतला, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील निकालांमुळे युएलपीची तक्रार अडते. मालक-कामगार नाते आधी वेगळ्या मार्गाने सिद्ध करावे लागते. उचल लिहिलेली वही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआय कार्ड हीच मग पुराव्याची शिदोरी. घरी विडी वळणाऱ्या स्त्रियाही कामगारच, हे १९७४ मध्ये ठरले. सहा महिने काम झालेल्या विडी कामगाराला वाजवी कारण आणि महिन्याच्या नोटिशीविना काढण्यास १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्याने मनाई केली होती.

नवी संहिता : १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू.