चक्र : शब्दाचा इतिहास

संस्कृत ‘चक्र’ हा शब्द ज्या आद्य इंडो-यूरोपियन नामापासून आला, ते नाम कोणत्याही लेखात वा ग्रंथात आढळत नाही. वंशज भाषांतील रूपांच्या तुलनेने त्याची *‘क्वेक्वलोस्’ अशी पुनर्रचना करतात. आधीची तारका हे अनुमित रूपाचे चिन्ह होय. अवेस्ता ‘चख्र’, ग्रीक ‘कुक्लोस’, प्राचीन इंग्रजी ‘ह्वेओल’ (आधुनिक व्हील) व तोखारियन ‘कोकले’ हे त्याचे प्रमुख वंशज. यांपैकी ‘कोकले’चा अर्थ मात्र रथ असा आहे. मराठी ‘चाक’ प्राकृत ‘चक्क’द्वारा आले, ‘सायकल’ ग्रीक शब्दापासून लॅटिन व इंग्रजीमार्गे. एकाच शब्दाची ही दोन वंशजे मराठीत एकत्र नांदतात.

हे नाम ‘वळणे, फिरणे’ या अर्थाच्या *‘क्वेल्’ धातूच्या द्वित्वाने बनले. संस्कृत ‘चरति’ हे रूपही याच धातूचे. द्वित्व झालेले व्यंजन मुळात एकच असता ‘चक्र’ शब्दात आधी ‘च’ व नंतर ‘क’ का, हा प्रश्न मोठा फलदायी ठरला. आउगुस्ट श्लायखर याने १८६८ मध्ये मूळ भाषेत एक लघुकथा रचली, तेव्हा संस्कृतातील ‘अ’ हाच मूळ स्वर मानला होता. पुढील दशकात तालव्यीकरणाचा नियम अनेक संशोधकांना जवळजवळ एकाच सुमारास उमगला : मूळ एकारापूर्वीचे कंठ्य व्यंजन तालव्य झाले आणि त्यानंतर त्या एकाराचा अकार झाला. ‘कृ’ धातूच्या ‘चकार’ या रूपातही हेच घडले आहे. ग्रीक ‘कुक्लोस’मध्ये एकार उरलेला नाही, म्हणजे संस्कृतने जो स्वर गमावला, त्याची साक्ष तिचाच ‘च’ देतो. स्वरांच्या बाबतीत संस्कृत ही सर्वांत प्राचीन अवस्था होय, हे मत त्यामुळे मागे पडले.

इतिहासकारांना या शब्दाचे महत्त्व कालनिर्णयासाठी वाटते. पोलंडमधील ब्रोनोत्सित्से येथे सापडलेल्या भांड्यावरील गाड्यांची चित्रे सु. इ. स. पू. ३५०० च्या सुमाराची आहेत. स्लोव्हेनियातील ल्यूब्लियानाच्या दलदलीत मिळालेले लाकडी चाक व आस त्यानंतरचे. चाकाचे नाव समाईक असेल, तर चाक माहीत होईपर्यंत मूळ भाषकसमाज फारसा विखुरलेला नसावा. कॉलिन रेन्फ्रू याने १९८७ मध्ये या भाषांचा प्रसार आनातोलियातील आद्य शेतकऱ्यांशी जोडून तो कित्येक सहस्रके मागे नेला. ‘फिरणारे’ या अर्थाचा शब्द प्रत्येक शाखेत स्वतंत्रपणे घडू शकतो, असा या पक्षाचा बचाव आहे. तो दुबळा वाटतो, कारण नामात असे द्वित्व विरळा. शिवाय अक्ष (ग्रीक ‘अक्सोन’) व रथ (लॅटिन ‘रोटा’, अर्थ चाक) हे शब्दही समाईक आहेत. ‘युग’ (जू) या शब्दावर भर देता येत नाही. जू नांगरालाही लागते.

हिटाइट भाषेत मात्र चाकाला ‘हुर्की’ हा निराळा शब्द आहे. त्यावरून आनातोलियन शाखा चाकाच्या शोधापूर्वीच वेगळी झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.