गुडघ्यावरची हातोडी : बाळंतिणीला वाचवणाऱ्या एका मिठाचा इतिहास

१/
गुजरात सीमेवरच्या नवापूर तालुक्यात दूरच्या एखाद्या पाड्यावर गर्भवतीला झटके येऊ लागले, तर तिला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करण्यापूर्वी काय करावे, याविषयी भारत सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. आरोग्यसेविकेने मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस टोचावा : दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम.

२/
हे औषध म्हणजे एक साधे मीठ. रुग्णालयात त्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. जुलाबासाठी पूर्वापार वापरले जाणारे एप्सम सॉल्ट ते हेच. योग्य मात्रेत ते आईचा जीव वाचवते आणि मात्रा वाढली तर तिचा श्वास थांबवते. हे दोन्ही परिणाम एकाच धातूचे आहेत. ते कसे उलगडत गेले, याचा हा शतकभराहून मोठा इतिहास. थ्रेड 👇

३/
प्रथम आजाराविषयी. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येतात. वैद्यकात या अवस्थेस ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला तिच्यामुळे धोका असतो.

४/
आता थोडे शरीरशास्त्र. चेतातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. चेतेच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन या फटीत सुटते आणि स्नायूवरील ग्राहींना जाऊन चिकटते. प्रत्येक ग्राहीच्या पोटात एक वाहिनी असते. ती उघडली की सोडियमचे आयन आत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. आपला प्रत्येक श्वास याच संधीवर अवलंबून आहे.

५/
या संधीवर धातूंचे राज्य चालते, याचा पहिला सुगावा एका चुकीतून लागला. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके पाहत होते. हृदय उत्तम चालत होते. पुढे उघड झाले की साहाय्यकाने शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हा त्यामागचा धागा होता. रिंगर यांनी १८८३ मध्ये ही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

६/
१८९४ मध्ये फ्रँक लॉक यांनी हाच प्रश्न चेता आणि स्नायू यांच्या संधीपर्यंत नेला. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात बेडकाची चेता उत्तेजित केली तरी स्नायू हलेना. स्नायूला थेट विजेचा धक्का दिला तर मात्र तो हले. म्हणजे स्नायू शाबूत होता, निरोप पोहोचत नव्हता. कॅल्शियम घालताच निरोप पुन्हा पोहोचू लागला.

७/
कॅल्शियमचा प्रतिस्पर्धी न्यूयॉर्कमध्ये सापडला. रॉकफेलर संस्थेत सॅम्युएल मेल्टझर आणि जॉन ऑअर यांनी १९०५ पासून प्राण्यांना मॅग्नेशियमची मिठे टोचून पाहिली. प्राणी निपचित पडत, मात्रा वाढली की श्वास थांबे. १९०८ मध्ये त्यांनी अशा निपचित सशांच्या शिरेत कॅल्शियम सोडले. काही क्षणांत ससे श्वास घेऊ लागले आणि उठून बसले. विष आणि उतारा, दोन्ही साध्या धातूंची मिठे.

८/
डॉक्टरांनी मॅग्नेशियमकडे लक्ष दिले ते याच काळात. १९०६ मध्ये जर्मनीत एक्लॅम्प्सियासाठी ते प्रथम वापरले गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेत ते शिरेतून आणि स्नायूतून देऊ लागले. १९५५ मध्ये टेक्सासमधील डॅलसचे जॅक प्रिचर्ड यांनी आपली पद्धत मांडली. आरंभी १४ ग्रॅम, पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, ही तिची रूढ झालेली मात्रा आजही ‘प्रिचर्ड पद्धत’ म्हणून शिकवली जाते.

९/
औषध चालत होते; पण मॅग्नेशियम संधीवर नेमके काय करते, हे त्याच सुमारास लंडनमध्ये उकलत होते. त्यात प्रमुख होते बर्नार्ड कात्झ. लायपझिगचा हा ज्यू विद्यार्थी नाझी राजवटीमुळे १९३५ मध्ये जर्मनी सोडून लंडनला आला होता. १९५४ मध्ये कात्झ यांनी होसे देल कास्तियो यांच्यासह, आणि देल कास्तियो यांनी एंगबेक यांच्यासह या प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केले.

१०/
निष्कर्ष असा : चेतेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडण्यासाठी कॅल्शियम लागते. मॅग्नेशियम त्याच्या वाटेत उभे राहते, त्यामुळे कमी रसायन सुटते. शिवाय पलीकडच्या बाजूला स्नायूचा अ‍ॅसिटिलकोलीनला मिळणारा प्रतिसादही काहीसा मंदावतो. कॅल्शियम वाढवले की पारडे पुन्हा फिरते. मेल्टझर यांचे ससे का उठून बसले, याचे उत्तर ४६ वर्षांनी मिळाले. कात्झ यांना १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

११/
ग्राहीची वाहिनी मात्र अजून कोणी एकेकटी पाहिली नव्हती. १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवरील एकाच वाहिनीतून जाणारा विद्युतप्रवाह मोजला. १९८८ मध्ये जपानचे शोसाकू नुमा, साकमान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाहिनीच्या तोंडाशी व आत ऋण प्रभाराची कडी असतात. ती धन आयनांना ओढून घेतात. दुहेरी धन प्रभाराचे मॅग्नेशियम तिथे रेंगाळते आणि सोडियमची वाट अडवते.

१२/
हे सूक्ष्म ज्ञान प्रसूतीकक्षात एका लहानशा हातोडीच्या रूपाने हजर असते. उपचारासाठी रक्तात दर लिटरला सुमारे ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट मॅग्नेशियम हवे. ते १० च्या आसपास गेले की गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. १२ च्या पुढे श्वासाचे स्नायू थांबण्याचा धोका असतो. रक्त तपासण्याची सोय नसलेल्या ठिकाणी ही हातोडीच धोक्याची आगाऊ सूचना देते.

१३/
पण याच ज्ञानातून एक गंभीर आक्षेप उभा राहिला. मॅग्नेशियम स्नायूंना निरोप पोहोचू देत नाही, तर मग झटके खरोखर थांबतात की केवळ दिसेनासे होतात? मेंदूत वादळ चालूच आणि शरीर तेवढे लुळे, असे तर होत नसेल? अमेरिकेतील काही मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये ‘एक्लॅम्प्सियात मॅग्नेशियम वापरू नये’ असे स्पष्ट लिहिले. आक्षेप तर्कशुद्ध होता.

१४/
उत्तराचा एक धागा आधीच हाती आला होता. १९८४ मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की मेंदूतील ‘एनएमडीए’ नावाच्या ग्राहीच्या वाहिनीत मॅग्नेशियम बुचासारखे बसते. मेंदूच्या अतिउत्तेजनात याच ग्राहीचा मोठा वाटा असतो. म्हणजे मॅग्नेशियमचा हात स्नायूंच्या संधीपुरता मर्यादित नव्हता.

१५/
निकाल मात्र रुग्णांनीच दिला. १९९५ मध्ये १६८७ स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले; त्यात भारतातील केंद्रेही होती. पुन्हा झटके येण्याचे प्रमाण मॅग्नेशियममुळे डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी आढळले. २००२ मध्ये १० हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ चाचणीने दाखवले की रक्तदाब वाढलेल्या गर्भवतींना आधीच मॅग्नेशियम दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो.

१६/
आता उरला मात्रेचा प्रश्न. प्रिचर्ड यांची मात्रा टेक्सासमधील स्त्रियांवर ठरलेली होती. त्यांनी १९८४ मध्ये २४५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यात एकच माता दगावली, आणि तीही मॅग्नेशियमच्या अतिमात्रेमुळे. मग ज्या देशात गर्भवतीचे वजन अनेकदा ४०-४५ किलोच भरते, तिथे हीच मात्रा द्यावी का?

१७/
हा प्रश्न महाराष्ट्रात सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारला गेला. डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय स्त्रियांच्या शरीरमानास धरून कमी मात्रेची पद्धत प्रसिद्ध केली : आरंभी शिरेतून ४ ग्रॅम, पुढे दर तीन तासांनी २ ग्रॅम. चोवीस तासांचा हिशेब प्रिचर्ड पद्धतीच्या निम्म्याहून कमी. तरीही बहुतांश स्त्रियांचे झटके आटोक्यात राहिले.

१८/
जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या शिफारशींत पूर्ण मात्राच कायम ठेवली. पण पूर्ण उपचार शक्य नसतील तिथे पहिला डोस देऊन रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे, असेही तिने सांगितले. पाड्यांच्या तालुक्यांसाठी हीच ओळ महत्त्वाची आहे. तिथे पहिला डोस आणि रुग्णवाहिका यांवरच सारे अवलंबून असते.

१९/
पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहण्याचा नियम आहे : गुडघ्याची प्रतिक्रिया शाबूत आहे ना, मिनिटाला किमान १६ श्वास आहेत ना, लघवी पुरेशी होते आहे ना. लघवी यासाठी, की मॅग्नेशियम मूत्रपिंडांवाटेच शरीराबाहेर पडते.

२०/
आणि मॅगसल्फ देताना हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी असावीच लागते. श्वास मंदावला तर ती हळूहळू शिरेतून द्यायची. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या सशांना उठवणारा उतारा तो हाच. ही कुपी संपलेली असेल तर मॅगसल्फ देणारा हात कचरतो, आणि तो कचरला की बाळंतीण औषधाविना राहते. म्हणून आरोग्य केंद्रात मॅगसल्फचा साठा मोजताना कॅल्शियमच्या कुप्याही मोजायला हव्यात.

(समाप्त)
#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #थ्रेड